किडनीतली गाठ रोबोने काढली, पुढच्या पाच-दहा वर्षांत काय होतं?

पित्ताशयात खडे आहेत का, एवढंच बघायला सोनोग्राफी केलेली असते. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत मात्र लिहिलेलं असतं: उजव्या मूत्रपिंडात ३ सेंमीची घन गाठ. किडनीच्या निम्म्याहून जास्त गाठी आता अशाच, दुसरं काही शोधताना सापडतात. दुखत काही नसतं, लघवीत रक्त नसतं. मग सीटी स्कॅन होतो आणि सर्जन सांगतात, "रोबोटिक पार्शल करू. गाठ काढू, किडनी ठेवू."

घरच्यांचे प्रश्न बहुतेक ऑपरेशनच्या दिवसाबद्दलचे असतात: भूल किती वेळ, रक्त लागेल का, घरी कधी सोडणार. ते महत्त्वाचे आहेतच, पण त्यांची उत्तरं आठवड्याभरात मिळून जातात. मिळायला वर्षं लागतात ती दोन उत्तरं वेगळी आहेत. कॅन्सर परत येतो का? आणि उरलेली किडनी कितपत काम करते? हा लेख या दोन प्रश्नांबद्दल आहे. मात्र त्यासाठी आधी ऑपरेशन नीट कळायला हवं, कारण दहाव्या वर्षी दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्या दोन-तीन तासांत ठरलेल्या असतात.

आधी गाठीचं माप

सीटीमध्ये डाई (शिरेतून दिलेलं, स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध) शोषून उजळणारी प्रत्येक घन गाठ कॅन्सर नसते. ४ सेंमीपेक्षा लहान गाठींपैकी साधारण पाचातली एक साधी निघते. ऑन्कोसायटोमा किंवा चरबी कमी असलेला अँजिओमायोलायपोमा ही त्यातली नेहमीची नावं. उरलेल्यांत सर्वांत जास्त प्रमाण 'क्लिअर सेल' प्रकाराचं असतं, त्याखालोखाल पॅपिलरी आणि क्रोमोफोब.

गाठ किडनीपुरतीच असेल आणि ४ सेंमीपर्यंत असेल तर टप्पा टी-१-ए, ४ ते ७ सेंमी असेल तर टी-१-बी, ७ च्या पुढे टी-२. पण गाठीपुरता भाग काढून बाकीची किडनी वाचवणं (पुढे यालाच 'अर्धी किडनी काढणं' म्हटलं आहे) सोपं आहे की अवघड, हे नुसत्या मापावरून ठरत नाही. ३ सेंमीची गाठ बाहेरच्या कडेला फुगून आलेली असेल तर काम सरळ असतं. तीच गाठ आत, रक्तवाहिन्यांच्या मुळाशी रुतलेली असेल तर ५ सेंमीच्या बाहेरच्या गाठीपेक्षाही ती अवघड ठरते. यासाठी सर्जन 'रेनल स्कोअर' काढतात. गाठीचा व्यास, ती बाहेर किती आली आहे, आतल्या मूत्रमार्गाच्या किती जवळ आहे आणि किडनीच्या वरच्या, मधल्या की खालच्या भागात आहे, यांचे गुण मिळवले की ४ ते १२ मधला आकडा येतो. ४ ते ६ म्हणजे सोपी, ७ ते ९ मध्यम, १० ते १२ अवघड. हा आकडा सर्जनला जरूर विचारा. दोन रुग्णांचे निकाल शेजारी ठेवून बघायचे तर आधी त्यांचे हे आकडे जवळपास असायला हवेत.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं

रोबो स्वतःहून काहीही कापत नाही. सर्जन त्याच खोलीत काही फुटांवर कन्सोलवर, म्हणजे रोबो चालवायच्या टेबलावर, बसतो आणि त्याच्या बोटांच्या हालचाली रुग्णाच्या पोटातल्या बारीक अवजारांपर्यंत पोहोचतात. साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतली अवजारं सरळ काठीसारखी असतात. रोबोच्या अवजाराला मनगट असतं, ते सगळीकडे वळतं. चित्र त्रिमितीय आणि मोठं दिसतं, हाताचा कंप गाळला जातो. कापण्यापेक्षाही टाके घालताना याचा खरा उपयोग होतो, आणि अर्धी किडनी काढण्याच्या ऑपरेशनमध्ये टाके हाच कळीचा भाग आहे.

रुग्णाला पूर्ण भूल देऊन कुशीवर वळवतात. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, ८ मिमीची तीन-चार छिद्रं रोबोच्या हातांसाठी आणि सहसा १२ मिमीचं एक मदतनीस सर्जनसाठी पाडतात. मोठं आतडं बाजूला सारतात, मूत्रवाहिनी ओळखतात, मग किडनीची धमनी आणि शीर मोकळी करतात. किडनीवरची चरबी सोलून गाठ उघडी केली जाते, पण गाठीवरच्या चरबीची टोपी तशीच ठेवतात. कॅन्सर त्या चरबीत शिरला आहे का, हे नंतर पॅथॉलॉजिस्टला तपासायचं असतं. लहानसा अल्ट्रासाउंड प्रोब थेट किडनीवर ठेवून गाठीची आतली सीमा बघतात आणि कापायची रेषा आखून घेतात.

आता घड्याळ सुरू होतं. दोन्ही किडन्यांतून मिळून मिनिटाला एक लिटरहून जास्त रक्त जातं. धमनी उघडी ठेवून कापायला घेतलं तर समोर काही दिसणारच नाही. म्हणून धमनीवर बुलडॉग नावाचा छोटा चिमटा लावतात. तो लावल्यापासून काढेपर्यंतचा वेळ म्हणजे 'वॉर्म इस्केमिया टाइम'. एवढा वेळ किडनी रक्ताविना, पण शरीराच्या ऊबेत असते. तो २०-२५ मिनिटांच्या आत ठेवायचा असतो. थंड कात्रीने, म्हणजे विजेने न जाळता, गाठ कडेच्या पातळ निरोगी थरासह काढतात. पूर्वी चहूबाजूंनी १ सेंमी निरोगी भाग हवा असं मानत. आता पातळ थर पुरतो हे स्पष्ट झालं आहे, आणि त्यामुळे किडनीचा बराच भाग वाचतो.

मग दोन थरांत टाके. आतल्या थराने उघड्या रक्तवाहिन्या आणि कापला गेलेला मूत्रमार्ग बंद होतो. बाहेरचा थर दोन्ही कडा जवळ आणतो. किडनीचा गाभा खरवसासारखा असतो, दोरा जोरात ओढला की चिरत जातो. त्यातच बहुतेक रोबोंमध्ये सर्जनच्या बोटांना ताण जाणवत नाही, तो डोळ्यांनीच ओळखावा लागतो. यावर उपाय म्हणून दोऱ्याच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकची क्लिप लावतात आणि ती सरकवत हवा तेवढाच ताण आणतात. दाब क्लिपवर पसरतो, किडनी चिरत नाही. चिमटा सोडतात, रक्त थांबलंय याची खात्री करतात, गाठ पिशवीत घालून एक छिद्र थोडं रुंद करून बाहेर काढतात. पिशवी फाटू न देणं महत्त्वाचं, कारण गाठीच्या पेशी पोटात सांडता कामा नयेत.

बिघडतं ते बहुतेक पहिल्या महिन्यात

दोन गुंतागुंती कुटुंबाला आधीपासून माहीत असाव्यात, कारण त्या घरी गेल्यावर उद्भवतात.

पहिली म्हणजे उशिरा होणारा रक्तस्राव. टाक्याखाली एखाद्या लहान धमनीला छेद गेलेला असतो आणि तिथे रक्ताचा फुगा तयार होतो, ज्याला स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणतात. शंभरात एक-दोघांना हे होतं. एक ते तीन आठवड्यांनी, सगळं ठीक चाललेलं असताना, अचानक लघवी लालभडक होते, तिच्यात रक्ताच्या गुठळ्या पडतात, कुशीत दुखतं, चक्कर येते. अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नये. सीटी अँजिओग्राफी करून मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी घालतात आणि कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) टाकून ती एकच फांदी बंद करतात. पुन्हा पोट उघडावं लागत नाही, किडनीही सहसा वाचते. त्यामुळे अशी सोय असलेलं हॉस्पिटल घरापासून किती लांब आहे, हे ऑपरेशनच्या आधीच बघून ठेवावं.

दुसरी म्हणजे लघवीची गळती. आतला मूत्रमार्ग नीट शिवला गेला नाही तर ड्रेनमधून (पोटातून बाहेर काढलेल्या निचऱ्याच्या नळीतून) लघवी येत राहते किंवा आत साचून ताप येतो. ड्रेनच्या पाण्यातलं क्रिएटिनिन (किडनी लघवीतून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं की निदान पक्कं. बहुतेक वेळा डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची मऊ नळी) आणि मूत्राशयात कॅथेटर ठेवून काही दिवस-आठवडे वाट बघितली की गळती बंद होते.

खांदा दुखणं हा गॅसचा परिणाम असतो, दोन-तीन दिवसांत जातो. साधारण चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही: गॅसचा सिलिंडर, पाण्याने भरलेली कळशी, नातवंडं. बाहेरची छिद्रं लवकर भरतात, किडनीवरचे टाके मात्र अजून कच्चे असतात.

कॅन्सर परत येतो का?

टी-१-ए गाठ पूर्ण निघाली असेल तर पाच वर्षांत त्याच कॅन्सरने मृत्यू न होण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर आहे. गाठ उघड्या शस्त्रक्रियेने काढा, दुर्बिणीने काढा, रोबोने काढा, हा आकडा जवळपास तोच राहतो. काढलेल्या जागीच किंवा त्याच किडनीत दुसरीकडे पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण थोडं आहे. आलीच तर तिची कारणं दोन: काही उरलं होतं, किंवा ही मुळातच नवी गाठ आहे. पॅपिलरी प्रकारात आणि आनुवंशिक आजारांत दुसरं कारण जास्त दिसतं. वय चाळिशीच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल, दोन्ही बाजूंना गाठी असतील किंवा घरात आणखी कुणाला किडनीचा कॅन्सर झाला असेल तर जनुकीय तपासणीबद्दल विचारायला हवं.

रिपोर्टमध्ये 'मार्जिन पॉझिटिव्ह' हे शब्द वाचून घरचे हादरतात. कापलेल्या कडेपर्यंत गाठीच्या पेशी पोहोचल्या होत्या, असा त्याचा अर्थ. रुग्णांच्या वेगवेगळ्या मालिकांत, म्हणजे अभ्यासांत, हे शंभरात दोन ते आठ जणांत आढळतं. त्यांच्यापैकी बहुतेकांत गाठ परत येत नाही, म्हणून लगेच उरलेली किडनी काढायची घाई करत नाहीत. स्कॅन थोडे जवळजवळ करतात. ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा १ ते ४ आकडा) ३ किंवा ४ असेल, किंवा कॅन्सर चरबीत शिरलेला असेल, तर मात्र पॉझिटिव्ह मार्जिनला जास्त वजन द्यावं लागतं.

आता पुराव्याबद्दल सरळ बोलायला हवं. रोबोने अर्धी किडनी काढल्याची पहिली मालिका २००४ मध्ये १३ रुग्णांवर प्रसिद्ध झाली, आणि ही पद्धत सर्वदूर पसरली ती २०१० च्या आसपास आणि नंतर. म्हणून पाच वर्षांची माहिती भरपूर आहे, दहा वर्षांची त्यामानाने थोडी. शिवाय यातली बहुतेक माहिती चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांतून आलेली नाही. सुरुवातीला सोप्या गाठी आणि धडधाकट रुग्ण रोबोकडे गेले, अवघड गाठी उघड्या शस्त्रक्रियेकडे. मग रोबोचे आकडे चांगले दिसणारच. आणखी एक गोष्ट: दीर्घकाळाची माहिती मुख्यतः 'दा विंची' या रोबोची आहे. भारतात तयार झालेला 'एसएसआय मंत्रा' किंवा इतर नवे रोबो तंत्राने त्याच वाटेने जातात, पण त्यांची दहा वर्षं अजून भरलेली नाहीत.

ही सावधगिरी का, याला २०१८ चं उदाहरण आहे. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीची किंवा रोबोची शस्त्रक्रिया आणि उघडी शस्त्रक्रिया यांची रीतसर तुलना झाली, तेव्हा छोट्या छिद्रांच्या गटात कॅन्सर जास्त परतला आणि मृत्यूही जास्त झाले. छिद्र छोटं म्हणजे निकाल तोच, असं गृहीत धरता येत नाही. किडनीच्या बाबतीत असं नुकसान आतापर्यंत दिसलेलं नाही, आणि छिद्राच्या जागी कॅन्सर रुजणंही फार विरळ आहे.

उरलेली किडनी

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि तपासणीच्या घाईत तो सर्वांत कमी समजावून सांगितला जातो.

एका किडनीत सरासरी दहा लाख गाळण्या असतात. गेलेली गाळणी पुन्हा उगवत नाही. पूर्ण किडनी काढली की एकूण गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, साधारण तिसऱ्या हिश्श्याने उतरते. निम्म्याने उतरत नाही, कारण दुसरी किडनी थोडा भार उचलते. फक्त गाठीचा भाग काढला तर शस्त्रक्रिया झालेल्या किडनीची जवळपास पाचवा हिस्सा ताकद जाते, म्हणजे एकूण हिशोबात दहा टक्क्यांच्या आसपास.

ही पाचवा हिस्सा ताकद नेमकी कशाने जाते? बरीच वर्षं सगळं लक्ष चिमट्याच्या मिनिटांवर होतं. आता दिसतं की मिनिटं मर्यादेत असतील तर खरा फरक पडतो तो निरोगी भाग किती उरला याने. तो दोन प्रकारे जातो: गाठीबरोबर जास्तीचा कापला गेला, किंवा टाक्यांत आवळला जाऊन सुकला. इटलीत झालेल्या एका चाचणीत चिमटा लावून आणि न लावता केलेल्या रोबोटिक शस्त्रक्रियांची तुलना केली. दोन्ही किडन्या चांगल्या असलेल्या रुग्णांत पुढच्या कार्यक्षमतेत फरक दिसला नाही. त्यामुळे 'आम्ही चिमटाच लावत नाही' या जाहिरातीने भारावून जाऊ नये. ज्याला एकच किडनी आहे किंवा जिचं काम आधीच मंदावलं आहे, त्याच्यासाठी मात्र एकेक मिनिट मोजावं.

किडनी वाचवल्याने आयुष्य वाढतं का? इथे चकित करणारा एक निकाल आहे. युरोपमध्ये १९९२ ते २००३ या काळात, ५ सेंमीपर्यंतच्या गाठी असलेल्या ५४१ रुग्णांना चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटलं: एका गटात पूर्ण किडनी काढली, दुसऱ्यात फक्त गाठ. दहा वर्षांनी पूर्ण किडनी काढलेल्या गटात ८१ टक्के लोक जिवंत होते, वाचवलेल्या गटात सुमारे ७६ टक्के. किडनीचं काम मात्र वाचवलेल्या गटात स्पष्टपणे चांगलं होतं: ईजीएफआर ६० च्या खाली गेलेल्यांचं प्रमाण तिथे ६५ टक्के होतं, तर पूर्ण काढलेल्या गटात ८६. आणि मृत्यू पावलेल्या ११७ जणांपैकी किडनीच्या कॅन्सरने गेलेले फक्त १२ होते.

या आकड्यांचा सर्वांत पटणारा अर्थ असा. ऑपरेशनमुळे गाळण्या कमी होणं आणि मधुमेह किंवा रक्तदाबामुळे गाळण्या झिजत राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत किडनी एकदाच एक पायरी उतरते आणि तिथे स्थिरावते. दुसरीत घसरण चालूच राहते. ऑपरेशननंतर ईजीएफआर ४५ च्या वर स्थिरावला आणि बाकी आजार नसतील तर पुढची वाट बहुधा सपाट असते. पण साखर असेल, दाब असेल, लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) जात असेल, तर उतरलेल्या पायरीवरूनच पुढची घसरण सुरू होते. आपल्याकडे पन्नाशीतल्या रुग्णाला यातलं काहीतरी अनेकदा असतं, म्हणून वाचवता येण्याजोगी किडनी वाचवावी. आणि तरुण रुग्णापुढे तीस-चाळीस वर्षं असतात, त्यात दुसऱ्या किडनीलाही काही होऊ शकतं.

पूर्ण किडनीच काढायची असेल तर

गाठ मोठी, मुळाशी, किंवा शिरेत शिरलेली असेल तर पूर्ण किडनी काढणं योग्य असतं. तिथे शिवायचं काही नसतं, त्यामुळे रोबोच्या मनगटाचा फायदाही फारसा उरत नाही. अमेरिकेतल्या २३,७५३ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या दुर्बिणीच्या तुलनेत रोबोटिक गटात मोठ्या गुंतागुंती कमी नव्हत्या. चार तासांहून जास्त चाललेली ऑपरेशनं ४६ टक्के होती, दुर्बिणीच्या गटात २६ टक्के. खर्चही जास्त. शिरेतली गाठ किंवा इतर खास अडचण नसेल, तर पूर्ण किडनी काढायला रोबोसाठी कर्ज काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उघड्या शस्त्रक्रियेशी तुलना केली तर रोबोचा फायदा खरा आहे: रक्त कमी जातं, दोन-तीन दिवसांत घरी जाता येतं. दूरचा फायदा एकच, पण रुग्णांना रोज जाणवणारा. बरगडीखालच्या लांब छेदात बाराव्या बरगडीजवळची नस दुखावली की कुशीचे स्नायू ढिले पडतात आणि तिथे कायमचा फुगवटा राहतो, बधिरपणा राहतो. छोट्या छिद्रांत हे क्वचितच होतं.

आणि या सगळ्यापेक्षा सर्जनचा हात मोठा. चिमट्याचा वेळ पहिल्या तीसेक ऑपरेशनांत झपाट्याने कमी होतो, गुंतागुंती मात्र शंभर-दीडशेच्या पुढेही कमी होत राहतात. म्हणून 'इथे रोबो आहे का' याच्याआधी विचारा: तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत, माझ्या स्कोअरची किती, आणि अर्धी काढायला जाऊन पूर्ण काढावी लागली असं किती वेळा झालं? अवघड गाठ उघड्या शस्त्रक्रियेने वाचवणारा अनुभवी सर्जन, ती रोबोने पूर्ण काढणाऱ्यापेक्षा त्या रुग्णासाठी केव्हाही चांगला. खूप वय झालेल्या किंवा हृदय कमजोर असलेल्या रुग्णात लहान गाठीवर नुसतं स्कॅन करत लक्ष ठेवणं किंवा सुईने गोठवणं-जाळणं हेही रास्त पर्याय आहेत.

खर्चाचं एक: रोबोच्या अवजारांचे वापर मोजलेले असतात, ठरावीक ऑपरेशनांनंतर ती बाद होतात, म्हणून बिलात वेगळी रक्कम येते. विमा नियामकाने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत रोबोटिक शस्त्रक्रिया आधुनिक उपचारांच्या यादीत घातली, पण पॉलिसीत त्यावर उपमर्यादा (ठरावीक रकमेपर्यंतच भरपाई) असू शकते. पॉलिसीतली ती ओळ भरती होण्याआधी वाचा.

पुढची वर्षं

पहिला सीटी किंवा एमआरआय साधारण तीन ते सहा महिन्यांनी करतात, पुढच्या सगळ्या तुलनेचा तो पाया असतो. तो वाचताना एक नेहमीची चूक होते. रक्त थांबवायला खाचेत ठेवलेला विरघळणारा कापूस हवेच्या बुडबुड्यांसह दिसतो आणि गळू किंवा परतलेली गाठ वाटतो. ऑपरेशनची नोंद रेडिऑलॉजिस्टच्या हातात असेल तर हा घोळ टळतो. म्हणून ती नोंद, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि सगळ्या स्कॅनच्या सीडी एका फाइलमध्ये असू द्या. त्यानंतर धोक्यानुसार वर्षातून एक-दोनदा पोट आणि छातीचे स्कॅन, किमान पाच वर्षं.

क्रिएटिनिन पहिल्या दिवसांत वाढतं, त्याने घाबरू नये. खरा नवा आकडा तीन महिन्यांच्या सुमारास कळतो. पुढे दरवर्षी क्रिएटिनिन, ईजीएफआर, लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तदाब बघायचा, स्कॅन बंद झाल्यावरसुद्धा. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. डाईचा स्कॅन करण्याआधी तिथे किडनीचं ऑपरेशन झाल्याचं सांगावं.

किडनीचा कॅन्सर उशिरा परतण्यासाठी ओळखला जातो. पाच वर्षांनंतर, क्वचित पंधरा-वीस वर्षांनीही तो दिसतो, आणि बहुतेकदा फुप्फुसात. तोपर्यंत सर्जन बदललेला असतो, फाइल माळ्यावर गेलेली असते. आठव्या-दहाव्या वर्षी खोकल्यासाठी काढलेल्या एक्स-रेत लहानसा गोल ठिपका दिसला, तर छातीच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: माझ्या किडनीतली गाठ अमुक साली काढली होती, हा तिचा रिपोर्ट.